होलोग्राफिक तत्त्व व त्याचे मापन

एखाद्या जागेत जास्तीत जास्त किती माहिती मावेल हे तिच्या घनफळावर नव्हे, तर तिला वेढणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर ठरते, असे मानणारे सैद्धांतिक भौतिकीतील तत्त्व. ‘विश्व होलोग्राम आहे’ हे त्याचे लोकप्रिय रूप. त्यातील होलोग्राम (सपाट पटलावर नोंदलेली त्रिमित प्रतिमा) उपमेपुरताच घ्यावा.

यातील अनपेक्षित भाग जुन्या सूत्रानेही दाखविता येतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत गोलाचे पृष्ठफळ व्यासाने गुणून सहाने भागले की घनफळ मिळते. म्हणजे त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ आठपट होते, पृष्ठफळ मात्र चौपटच; या तत्त्वानुसार माहितीची मर्यादाही चौपटच वाढते.   

उगम : भौतिकीविद याकोब बेकेनस्टाइन यांनी १९७२-७३ च्या सुमारास कृष्णविवराची एंट्रॉपी (त्यात दडलेल्या माहितीचे माप) त्याच्या क्षितिजाच्या (जिच्या आतून काहीच बाहेर येत नाही त्या सीमेच्या) क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते असे मांडले; हॉकिंग यांच्या १९७४ मधील, कृष्णविवरातून निघणाऱ्या प्रारणाच्या गणिताने प्रमाणांक निश्चित झाला. त्यावरून १ चौ. सेंमी. पृष्ठावर सु. १०⁶⁵ बिट (माहितीचे एकक; होय किंवा नाही) मावतात. पुढे सर्वसाधारण तत्त्व कोणी मांडले, हे वादाचे आहे. गेरार्ड टॉफ्ट (१९९३) आणि लेनर्ड सस्किंड (१९९५) यांची नावे जोडीने घेतली जातात. चार्ल्स थॉर्न यांनी १९७८ मध्येच स्ट्रिंग सिद्धांताचे (मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपने मानणाऱ्या सिद्धांताचे) कमी मितींतील वर्णन सुचविले होते. तत्त्व म्हणून पहिली मांडणी टॉफ्ट यांची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी त्याचे काटेकोर उदाहरण दिले. पण ते ऋण विश्वस्थिरांकाच्या (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेशी निगडित स्थिरांकाच्या) अवकाशाचे आहे, आपल्या विश्वाचा स्थिरांक धन आहे.

होलोमीटर : हे तत्त्व खरे असेल तर अवकाशच सूक्ष्म थरथरत असावे, या भौतिकीविद क्रेग होगन यांच्या कल्पनेवरून तो थरथराट शोधण्यासाठी अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये उभारलेले उपकरण. यात ४० मी. भुजांचे दोन मायकेल्सन व्यतिकरणमापक (प्रकाशाचा झोत दुभंगून दोन भुजांत पाठविणारी व परत एकत्र आणून अंतरातील सूक्ष्म फरक दाखविणारी यंत्रे) शेजारीशेजारी असून १,०६४ नॅनोमीटरचा लेसर वापरला. भुजेत प्रकाशाच्या जा-ये फेरीला सु. ०.२७ मायक्रोसेकंद लागतो, म्हणून शोध मेगाहर्ट्झ (सेकंदाला दहा लाख कंपने) पट्ट्यात घेतला. तेथे वाहनांचे व जमिनीचे कंप पोचत नाहीत. एकाच यंत्रात खरा संकेत फोटॉनांच्या गोंगाटात बुडतो. दोन यंत्रांचे हे गोंगाट परस्परांशी असंबद्ध असल्याने गुणाकाराची सरासरी घेता ते विरतात, अवकाशाचाच समाईक थरथराट असेल तर तो उरतो. असा थरथराट आढळला नाही : डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षाने होगन यांचे प्रतिमान ४.६ सिग्मा पातळीवर (योगायोगाची शक्यता अत्यल्प) बाद ठरविले. मात्र सस्किंड व राफाएल बूसो यांच्या मते हा थरथराट मूळ तत्त्वातून निघतच नाही. ही हरकत ग्राह्य वाटते. बाद झाले ते एक प्रतिमान, तत्त्व नव्हे.

छोट्या प्रमाणावर : याच रचनेचा टेबलावरील प्रयोग खान्देशातील महाविद्यालयांतही करता येतो. हीलियम-निऑन लेसरने (६३२.८ नॅनोमीटर) आरसा ०.३१६ मायक्रोमीटर सरकला की पडद्यावरील उजेड-अंधाराचा एक पट्टा पुढे जातो. मुख्य शत्रू उष्णता. २० सेंमी. ॲल्युमिनियमची एकच भुजा १° से. ने तापली तर ती ४.६ मायक्रोमीटर लांबते व चौदा-पंधरा पट्टे सरकतात. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे ही मोजणी पहाटेच करावी. कूलर बंद ठेवावा : त्याचा कंप आणि हवेची झुळूक दोन्ही पट्टे हलवितात. कडाप्प्याची फरशी अर्धवट फुगविलेल्या स्कूटरच्या ट्यूबवर ठेवली की महामार्गावरील ट्रकांचा धक्का बराच गिळला जातो. ट्यूब टणक फुगविल्यास उपयोग होत नाही. लेसर सुरू केल्यावर १५-२० मिनिटे थांबावे. शंभर पट्ट्यांना आरसा ३१.६ मायक्रोमीटर सरकावा लागतो. स्क्रू एकाच दिशेने फिरवावा. मध्येच उलटा फिरविला तर आट्यांतील ढिलाईमुळे स्क्रू फिरतो पण आरसा हलत नाही, आणि मोजणी पहिल्यापासून घ्यावी लागते.