बेनिदोर्मच्या इमारतीत लिफ्ट पहिल्यापासूनच होती

‘स्पेनमध्ये ४७ मजले बांधले आणि लिफ्टच विसरले!’ हा किस्सा २०१३ पासून जगभर फिरतो आहे. तो साफ खोटा आहे.

इमारत खरी आहे. स्पेनमधल्या बेनिदोर्म शहराच्या समुद्रकिनाऱ्याजवळची ‘इंटेम्पो’. दोन उंच मनोरे आणि माथ्याशी त्यांना जोडणारा उलट्या शंकूसारखा भाग, अशी तिची देखणी रचना. आधी २० मजले ठरले, मग ४७ केले, त्यात लिफ्टची जागाच राहून गेली, असं सांगतात. पण आराखडा मुळातच ४७ मजल्यांचा होता आणि त्यात लिफ्ट होत्या.

अफवेचं मूळ २०१३ च्याच ‘एल पाईस’ या स्पॅनिश वृत्तपत्रातल्या बातमीत सापडतं. तिचा विषय होता प्रकल्पाची रखडपट्टी. बांधकाम बरंच वर जाईपर्यंत सामान नेणारी लिफ्ट बसवलेली नव्हती, असं त्यात होतं. म्हणजे हाल झाले ते मजुरांचे! इंग्रजी संकेतस्थळांनी त्याचा विपर्यास केला आणि बदनामी वास्तुविशारदांच्या माथी आली. इमारत रखडली ती आर्थिक मंदी आणि कर्जामुळे. पुढे नव्या मालकांनी काम हाती घेतलं आणि २०२१ मध्ये ती पूर्ण झाली.