साठ पौंड, वीस मैल : वजन घेऊन चालण्याच्या सरावामागचा इतिहास

पाठीवर जड सॅक घेऊन लांब पल्ला चालण्याचा सराव हल्ली व्यायामशाळांपर्यंत पोहोचला आहे. त्याला 'रकिंग' असं नवं नाव मिळालं आहे, पण प्रकार जुना आहे, आणि त्यातला मुख्य वादही तितकाच जुना. सरावाने माणूस कितीही वजन पेलायला शिकतो, की एका हद्दीपुढे सराव निरुपयोगी ठरतो?

पहिल्या बाजूचं टोक मॅसेडोनियाचा राजा दुसरा फिलिप, म्हणजे अलेक्झांडरचा बाप. त्याने पायदळाला गाड्या वापरायला बंदी केली आणि दहा शिपायांमागे एकच नोकर ठेवला. शस्त्रं, ढाल आणि शिधा अंगावर घेऊन तो सैन्याला ३०० स्टेडिया, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर चालवत असे, असं प्राचीन लेखक सांगतात. यात शिस्तीपेक्षा हिशोब मोठा होता. गाड्या आणि बैल मागे राहिले की सैन्याचा वेग वाढतो आणि बैलांच्या चाऱ्याची चिंताही मिटते. अडीच शतकांनंतर रोममध्ये सेनापती गायस मारियसने हाच धडा गिरवला. त्याच्या शिपायांना लोक 'मारियसची खेचरं' म्हणू लागले.

पण सरावाचं वेळापत्रक म्हणावं असं काही लिहून ठेवलं ते व्हेजिशियस या लष्करी विषयांवरच्या लेखकाने, रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात. नव्या भरतीच्या पोरांनी उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैल चालावं, आणि चाल वाढवली तर तेवढ्याच वेळात २४. त्यांना ६० रोमन पौंडांपर्यंत ओझं वाहायची सवय लावावी. रोमन मैल साधारण १.४८ किलोमीटरचा आणि ६० रोमन पौंड म्हणजे १९-२० किलो. हे आकडे आजही फार उद्धृत होतात आणि बहुतेक वेळा चुकीचे जोडले जातात. एक तर रोमन तास हा दिवसाच्या उजेडाचा बारावा भाग, त्यामुळे उन्हाळ्यात तो सव्वा तासाच्या आसपास भरायचा. पाच तास म्हणजे आपले सहाहून जास्त. वेग निघतो ताशी पावणेपाच किलोमीटर, म्हणजे दमदार पण माणसाच्या आवाक्यातला. दुसरं म्हणजे वीस मैल आणि साठ पौंड या सूचना त्याने वेगवेगळ्या प्रकरणांत दिल्या आहेत. त्या एकत्र करून 'रोमन परीक्षा' तयार केली ती नंतरच्यांनी.

यानंतर बरीच शतकं या विषयात मोजून पाहण्यासारखं फारसं घडलं नाही. सैन्यं चालत राहिली, पाय सुजत राहिले. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केलेल्या शिपायांच्या पायांवरच्या वेदनादायक सुजेचं वर्णन केलं. कारण कळायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला. १८९७ मध्ये दिसलं की तळपायाच्या लांब हाडांना बारीक चीर गेलेली असते. त्याला 'मार्च फ्रॅक्चर' असं नाव पडलं. स्नायू आणि दमसास काही आठवड्यांत वाढतात, हाड मात्र सावकाश मजबूत होतं. नवशिक्याला 'आता जमतंय' असं वाटू लागतं नेमक्या त्याच टप्प्यावर पाय दगा देतो, याचं हे कारण.

याच सुमारास बर्लिनमध्ये त्सुंट्स आणि शुम्बुर्ग या संशोधकांनी कूच करणाऱ्या माणसाच्या शरीराची मोजणी सुरू केली. त्यांचं काम १९०१ मध्ये ग्रंथरूपात आलं. निष्कर्ष लष्कराला न आवडण्यासारखेच होते. थंड हवेत २२ किलो घेऊन २४ किलोमीटर माणूस नीट चालतो. उन्हात थोडा त्रास होतो, पण दुसऱ्या दिवसापर्यंत शरीर पूर्ववत होतं. ३१ किलोंवर मात्र थंडीतही हाल होतात आणि कितीही सराव केला तरी ते कमी होत नाहीत. सुरुवातीच्या वादाचं मोजमापातून आलेलं हे पहिलं ठोस उत्तर म्हणता येईल. सराव उपयोगी आहे, पण त्याला छत आहे.

ते उत्तर कोणी ऐकलं का? अमेरिकी लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० मध्ये शिपायाच्या ओझ्यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि या बर्लिनच्या प्रयोगांची आठवण करून दिली. सरावाने वहनक्षमता वाढतच जाते, या समजुतीवर त्यांचा रोख होता. (मार्शल यांच्या इतर काही दाव्यांवर पुढे बरेच आक्षेप आले, पण ओझ्याबद्दलचा मुद्दा टिकला.) त्यानंतर अर्ध्या शतकाने, २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी पायदळाचं ओझं प्रत्यक्ष तोलून पाहिलं, तर साध्या रायफलधारी शिपायाचं कूच करतानाचं ओझं सरासरी ४३ किलोंच्या आसपास भरलं.

मधल्या काळात सॅक सुधारली, ओझं वाढण्याचं हेही एक कारण असावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या ओले बर्गनने पाठीच्या आकाराची चौकट पिशवीला जोडली. ब्रिटिश शिपाई आजही आपल्या सॅकला 'बर्गन'च म्हणतात. १९५२ पासून अमेरिकेत डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि कंबरपट्ट्याने खांद्यांवरचा भार कमरेवर आणला. खांदे सुटले, पण गुडघे आणि तळपाय तिथेच राहिले. चांगल्या सॅकमुळे माणूस कमी थकण्याऐवजी जास्त सामान भरतो, हे डोंगरात जाणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

गाड्या आणि विमानांच्या युगात पायी कूच कालबाह्य झाली, असं म्हणणाऱ्यांना १९८२ च्या फॉकलंड बेटांवरच्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धाने गप्प केलं. २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' या ब्रिटिश जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि त्यावरची तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली. शिपाई हवेतून पुढे नेण्याचा बेत बुडाला. मग रॉयल मरीन्स आणि पॅराशूट रेजिमेंटचे जवान सॅन कार्लोसच्या किनाऱ्याहून राजधानी स्टॅन्लीच्या दिशेने चालत निघाले. पायाखाली ओली दलदल, पाठीवर ३६ किलो, कधी त्याहून अधिक. मरीन्स याला 'यॉम्प' म्हणत, पॅराशूटवाले 'टॅब'. त्यांना तारलं ते जुन्याच सरावाने. मरीन भरतीची शेवटची कसोटी म्हणजे डार्टमूरच्या माळरानावर ३० मैल, पाठीवर साडेचौदा किलो, वेळ आठ तास. प्रत्यक्ष युद्धातल्या ओझ्याच्या निम्म्याहूनही कमी वजनावर हा पाया घातला जातो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

नागरी बाजूला नेदरलँड्सच्या नायमेखनमधल्या चार दिवसांच्या चालीचा मोठा वाटा आहे. १९०९ पासूनच्या या प्रथेत नागरिकांबरोबर लष्करी तुकड्याही असतात; त्या रोज ४० किलोमीटर चालतात, किमान १० किलो घेऊन. वजन मुद्दाम कमी, दिवस मुद्दाम जास्त. शरीर एका दिवसाच्या पराक्रमाने नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट चढवताना कळतं. आणि बुटांचीही किंमत असते : पायातल्या एका किलोला पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतकी ऊर्जा लागते, असं मोजमाप सांगतं.

नेमका सराव किती करायचा, यावर अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास शिपायांचे गट पाडून पाहिलं. महिन्यातून दोनदा वजन घेऊन चालणारे गट, एकदाच चालणाऱ्या किंवा मुळीच न चालणाऱ्या गटांपेक्षा २० किलोमीटरच्या कुचीत वेगवान ठरले. चारदा चालणाऱ्यांना त्याहून फारसा फायदा दिसला नाही. बाकीचे दिवस ताकदीचे व्यायाम आणि धावणं पुरे. व्हेजिशियसने लिहिलं होतं : महिन्यातून तीनदा, दहा मैल जाऊन परत, आणि वाटेचा काही भाग जलद चालीने.

त्याची आणखी एक अट होती, ती अलीकडच्या वेळापत्रकांत सहसा दिसत नाही. नुसत्या सपाटीवर चालवू नका, चढ-उतारावरही न्या. १९७७ मध्ये संशोधक पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी ओझं घेऊन चालण्याची ऊर्जा मोजणारं सूत्र मांडलं. त्यात वजन आणि वेगाच्या जोडीला चढ आहे, आणि पायाखालच्या जमिनीसाठी वेगळा गुणांकही. डांबरी रस्त्याला तो १ आहे, मोकळ्या वाळूला २.१.