वाफ होत नाही, म्हणून निर्धोक?

«आयनिक द्रवांची वाफ होत नाही, म्हणून ते पर्यावरणाला पूर्णपणे निर्धोक» असं वंगणं आणि कटिंग ऑइलच्या चर्चेत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातला पहिला अर्धा भाग जवळजवळ खरा आहे, म्हणूनच दुसरा सहज पटतो.

आयनिक द्रव म्हणजे 100 अंश सेल्सिअसच्या खालीच वितळणारं मीठ. त्याचे धन आणि ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला वाफ नगण्य असते. कारागिराच्या श्वासासाठी हे चांगलंच. पण असा द्रव असलेलं कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारं द्रावण) हवेपेक्षा पाण्यात जास्त जातं: चिपांना, म्हणजे धातूच्या किसाला चिकटून, जॉब (कापून घडवलेला भाग) धुताना, टाकी रिकामी करताना. तिथे प्रश्न वाफेचा उरत नाही, तो द्रव पाण्यातल्या जिवांना काय करतो याचा असतो.

इमिडॅझोलियम हा धन आयन असलेल्या आयनिक द्रवांच्या गटात त्या आयनाला जोडलेली कार्बनची शेपटी लांबली की जलचरांवरचा विषारीपणा साधारणपणे वाढतो. हेक्साफ्लुरोफॉस्फेट हा फ्लोरिनयुक्त ऋण आयन असलेले द्रव पाणी आणि उष्णता मिळाली की विघटित होऊन हायड्रोजन फ्लुओराइड देऊ शकतात. तो कातडी जाळतो, लोखंड गंजवतो. उलट कोलीन आणि अमिनो आम्लांपासून बनवलेले बरेच द्रव जिवाणू सहज पचवतात. म्हणजे नाव एक, स्वभाव वेगवेगळे.

पडताळायचं असेल तर पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागा आणि थेट विभाग 12 उघडा. मासे, डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव), शेवाळ यांवरच्या विषारीपणाचे आकडे आहेत का? 28 दिवसांच्या जैवविघटन चाचणीचा निकाल आहे का? ती जागा कोरी असेल, तर डब्यावरच्या हिरव्या पानावर विसंबू नका.