पलंगाखाली काय? मुंबईतल्या बेडमागचा जुना हिशोब

मुंबईत कुठल्याही फर्निचरवाल्याला जाऊन सांगा की बेड हवाय. तुमची पाठ दुखते का, कुशीवर झोपता की उताणे, यातलं तो काही म्हणजे काही विचारणार नाही, पहिला प्रश्न ठरलेला, स्टोरेज पाहिजे ना? हायड्रॉलिक, म्हणजे झाकण वर उचलायचं, की ड्रॉवर? आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी फिरत होतो तेव्हा सहा दुकानं केली आणि सहाही ठिकाणी हेच. आधी राग आला, अरे बाबा मला झोपायचंय, त्यात बॅगा नंतर ठेवू. पण नंतर घरच्या जुन्या माणसांशी बोललो, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की या प्रश्नाचं वय शंभर वर्षांच्या पुढे आहे.

मुळात पलंग ही आपल्याकडे सगळ्यांची गोष्ट कधी नव्हतीच. शब्द भरपूर, पर्यंकावरून पलंग, खट्वेवरून खाट, शिवाय बाज, मंचक, माचा, पण वापरणारे मोजके. देवाचा पलंग मात्र पक्का. तुळजापूरला दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की भवानी देवी अहमदनगरहून आलेल्या पलंगावर झोपते ती कोजागिरीपर्यंत. बाकी वाड्यात शेजघर असलंच तर घरच्या कर्त्या जोडप्याचं, सुंभाने विणलेली बाज निघायची ती म्हाताऱ्यांसाठी नाहीतर बाळंतिणीसाठी, खाली शेकायला शेगडी ठेवता यावी म्हणून तर बाज उंच आणि जाळीची. उरलेलं सगळं घर जमिनीवर. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो ना आपण, त्या म्हणीत पलंग कुठेच नाही बघा.

गंमत म्हणजे इंग्रजांचा कॉट हा शब्द आपल्या खाटेवरूनच गेलेला. आपण तो जसाच्या तसा परत घेतला आणि लोखंडी खाटेला कॉट म्हणायला लागलो.

साहेब लोकांच्या आणि त्यांच्याबरोबर वर आलेल्या शेठ लोकांच्या घरात जे मोठे चार खांबांचे शिसवी पलंग असायचे, आज चोर बाजारात मटण स्ट्रीटला तसला एखादा दिसला की लोक रॉयल लुक म्हणून फोटो काढतात, ते खांब शोभेचे होते तसे कामाचेही होते, मच्छरदाणी लावायला. पावसाळ्यात मुंबईत मच्छरदाणीशिवाय झोपायचं धाडस कोण करणार. चाळीत खांब नव्हते तर लोकांनी भिंतीत चार खिळे ठोकून दोऱ्या बांधल्या, काम तेच.

आता चाळ. १८९६ला प्लेग आला, मांडवीत पहिल्या केसेस सापडल्या, मग १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाट वस्त्या पाडल्या, या ट्रस्टच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. नंतर १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडीला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडी चाळी. बीडीडीची खोली १६० चौरस फूट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आजचा किंग साइज बेड ६ बाय साडेसहा फूट धरला तर ३९ चौरस फूट होतो, म्हणजे त्या खोलीचा जवळजवळ पाव भाग एकटा बेडच खाणार. मग त्यात मोरी, चूल, देव, ट्रंका आणि सात-आठ माणसं कुठे घालणार? गिरणगावात तर काही खोल्यांत एकट्या राहणाऱ्या कामगारांचा अख्खा घोळका असायचा, कुणी कोकणातला कुणी घाटावरचा, आणि रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने मोकळी केलेली जागा त्याची. माणूस बदलायचा, जागा तीच. तिथे पलंग म्हणजे चैनच.

त्यामुळे मुंबईचा पहिला खरा डिझाइन केलेला बेड कुठला म्हणाल तर वळकटी. हसू नका, नीट बघा, गादी-चादर-उशी एकत्र गुंडाळायची, दोरीने आवळायची, घडवंचीवर नाहीतर माळ्यावर टाकायची, की दिवसभर तीच खोली दिवाणखाना, तीच स्वयंपाकघर, तीच शिकवणीची जागा. उन्हाळ्यात वळकटी काखेत मारून गच्चीवर किंवा गॅलरीत. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी नावाचा माणूस एका खोलीत राहायचा म्हणून त्याने भिंतीत उभा करून ठेवता येणारा बेड काढला, १९१०च्या दशकात पेटंटही घेतलं, आणि आज आपल्याकडे इंटिरियरवाले मर्फी बेड म्हणून तो लाखभर रुपयांना विकतात. प्रश्न त्याचाही आपल्यासारखाच होता, आपलं उत्तर फक्त स्वस्त होतं.

बेडरूम नावाची वेगळी खोली मराठी मध्यमवर्गाला दिसली ती साधारण १९३०च्या दशकात, हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क, माटुंगा इकडे फ्लॅट यायला लागले तेव्हा. संडास-बाथरूम आत असलेले सेल्फ कंटेन्ड ब्लॉक, गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या, जे आज आपण आर्ट डेको म्हणून मिरवतो. फ्लॅट घेतला पण त्यात ठेवायचं काय हे लोकांना कुठे माहीत होतं, म्हणून १९३७मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये आयडियल होम नावाचं प्रदर्शनच भरवलं होतं, आदर्श घर कसं असतं ते दाखवायला. गोलसर हेडबोर्ड, जोडीला आरशाचं ड्रेसिंग टेबल, सगळं एका सेटमध्ये, ही बेडरूम सेटची कल्पना त्या काळातली. आजही दुकानात बेड, दोन साइड टेबलं आणि ड्रेसर असा सेट गळ्यात मारतात ना, ते मूळ तिकडे. खरं सांगायचं तर १० बाय १०च्या खोलीत दोन साइड टेबलं ही निव्वळ हौस आहे, एक पुरे.

चाळीत मात्र याच सुमारास आणि नंतरही पुढारी होती ती लोखंडी कॉट. पाइपचा सांगाडा, वर नवारीच्या पट्ट्या नाहीतर फळ्या किंवा लोखंडी पट्ट्यांची जाळी. लोखंडच का, तर ढेकूण. लाकडाच्या सांध्यात ढेकूण घर करायचे, लोखंडी कॉट उचलून गॅलरीत उन्हात टाकता यायची, सांध्यांवर उकळतं पाणी ओतता यायचं, वर टिक ट्वेंटी हे ढेकणांचं औषध. हॉस्पिटलांनी लोखंडी कॉट धरली ती याच स्वच्छतेच्या कारणाने. आणि तिचा दुसरा गुण सांगायलाच नको, उंच पाय. खाली ट्रंका, रॉकेलचा डबा, कांदे-बटाटे, आणि रात्री एक-दोन पोरं. काही घरांत पायांखाली विटा लावून ती अजून वर उचलायचे. माझ्या वडिलांची सगळी शाळा कॉटखाली झोपून झाली असं ते अजून अभिमानाने सांगतात, वर आजोबा, खाली ते आणि काका, आणि मध्ये टांगलेली चादर म्हणजे भिंत. स्टोरेज बेड बेड म्हणतो तो हाच की, फक्त त्याला झाकण नव्हतं.

यात भर पडली भाडे नियंत्रण कायद्याची. १९४७चा कायदा आला, भाडी गोठली, त्यामुळे मालक दुरुस्ती करेना आणि भाडेकरू जागा सोडेना, कुटुंब वाढलं तरी खोली तीच. मग लोक वर गेले, पोटमाळा काढला. आणि जमिनीवर आला दिवाण, दिवसा बसायला रात्री झोपायला, आणि त्याच्या पोटात पेटी. १९७०-८०च्या दशकात लग्नात संसाराच्या भांड्यांबरोबर लोखंडी कपाट आणि पलंग देण्याची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, आणि मग ते जोडपं दहा बाय बाराच्या खोलीत तो डबल बेड कसा बसवायचा म्हणून डोकं धरून बसायचं. सोफा कम बेड त्यातूनच लोकप्रिय झाला. दिसायला बरा, पण त्याच्या मधल्या सांध्यावर वर्षभर झोपून दाखवा, मी झोपलोय, हॉस्टेलनंतरची दोन वर्षं. पाहुण्यांसाठी ठीक, रोजच्यासाठी अजिबात नाही.

प्लायचा बॉक्स बेड शक्य झाला तो दोन-तीन गोष्टी जुळून आल्यामुळे. आधी सुतार सरस उकळून वापरायचे, तो घाण वास ज्यांनी घेतलाय त्यांना आठवेल. १९५९मध्ये पिडिलाइट सुरू झाली, फेविकॉलचा तयार पांढरा डिंक आला आणि घरात बसून काम करणं सोपं झालं. वर सनमायका, म्हणजे पॉलिशची कटकट गेली. मग १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, मंजूर वर्किंग प्लॅनशिवाय, म्हणजे जंगलाच्या मंजूर आराखड्याशिवाय, जंगलतोड बंद, ईशान्येतले प्लायवूड कारखाने धडाधड बंद पडले, सागवान आधीच महाग होतं ते सामान्य माणसाच्या हातातून गेलंच. पुढे हरियाणातल्या यमुनानगरकडचा शेतात लावलेल्या पॉप्लरचा प्लाय सगळीकडे पसरला. म्हणून आजीच्या घरचा सागवानी पलंग चार पिढ्या टिकतो आणि आपला बेड दहा वर्षांत कुरकुरतो, यात सुताराचा दोष कमी आहे.

प्लाय घेताना एवढंच बघा की ३०३ आणि ७१० हे आयएसचे, म्हणजे भारतीय मानकांचे, वेगवेगळे नंबर आहेत. ३०३मध्ये साधा कमर्शियल एमआर (ओल सोसणारा) येतो आणि त्याच्यापेक्षा बरा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा), ७१० म्हणजे मरीन. बाथरूमच्या भिंतीला लागून बेड असेल तर एमआर वापरू नका, मुंबईच्या दमटपणात तो फुगतो. आमच्याकडे एका सुताराने मरीनचे पैसे घेऊन खालच्या तळाला साधा लावला होता, तो कळला तिसऱ्या पावसाळ्यात, गोधड्यांना बुरशी धरली तेव्हा. तेव्हापासून मी प्लायवरचा शिक्का स्वतः बघतो आणि बॉक्सला हवेसाठी भोकं पाडायला लावतो.

आणखी एक खास मुंबईचं कारण म्हणजे लिफ्ट. जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ६ बाय साडेसहाचं काहीच जात नाही, जिना पण चिंचोळा, म्हणून बेड दोन बॉक्समध्ये बनतो, गादीसुद्धा ३ फुटांच्या दोन. ती मधली फट, जिच्यात मोबाइल जातो आणि लहान पोराचा पाय जातो, ती लिफ्टच्या मापातून आलेली आहे. म्हणून तर इतकी वर्षं सुतार घरी येऊन, पंधरा-वीस दिवस भुसा करून, जागेवरच बेड बनवायचा. उल्हासनगर, ओशिवरा इकडून तयार माल घेणारे होतेच, पण खोलून परत जोडायचे बेड ही सवय बऱ्यापैकी नंतरची. २०२०च्या डिसेंबरमध्ये तुर्भ्याला आयकिया उघडलं तेव्हा करोनात सुद्धा लोक गेले, त्यातले निम्मे तरी चपट्या खोक्यात बेड कसा मावतो तेच बघायला गेले असावेत.

हायड्रॉलिक म्हणतो त्याच्या पंपाचा जोर खरं तर दाबलेल्या नायट्रोजन गॅसचा असतो, गाडीच्या मागच्या दाराला असतो तसा. वर जड गादी आणि पंप कमी ताकदीचा असेल तर झाकण मध्येच खाली यायला बघतं, म्हणून गादी आधी ठरवा, वजन सांगा, मग पंप. बहुतेक जण उलटं करतात.

गादीचा इतिहास वेगळाच आहे आणि मजेशीर आहे. पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन टंग टंग करत यायचा, अंगणात कापसाचा ढीग, दोन-तीन वर्षांनी जुनीच गादी परत फुगून नवी. उशीत सावरीचा कापूस. सरकत्या काळाबरोबर १९६०च्या दशकात रबर लावलेल्या काथ्याच्या, म्हणजे कॉयरच्या गाद्या आल्या, मग फोम. मेमरी फोम तर १९६६ला नासासाठी काढलेला, चार्ल्स योस्टने, विमानाच्या सीटसाठी. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो, हे एसीत ठीक, पण मे महिन्यात पंख्याखाली झोपणाऱ्याला विचारा. माझं मत विचाराल तर एसी रात्रभर चालत नसेल तर कॉयर किंवा चांगली कापसाचीच बरी. आणि मापं, ७२, ७५, ७८ इंच, म्हणजे सहा, सव्वासहा, साडेसहा फूट, तिन्ही बाजारात चालतात, त्यामुळे सुताराला नुसतं किंग साइज सांगू नका, गादीचं माप इंचात लिहून द्या, नाहीतर तीन इंचांची खाच राहते आणि ती उशांनी भरत बसावं लागतं.

२०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीत बीडीडीच्या पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या दिल्या, १६०च्या जागी ५०० चौरस फूट. माझी आत्या त्याच चाळींतली, तिचा नंबर अजून यायचाय, पण तिने बेडची तयारी आत्ताच सुरू केलीये. परवा गेलो तर तिने जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली होती, ६ बाय साडेसहा, टेपने मोजून, म्हणाली आधी चालून बघते किती जागा उरते. मग थोडा वेळ त्या कागदांकडे बघत बसली आणि म्हणाली, अरे एवढ्यात आम्ही चौघं भावंडं झोपायचो, आडवी. आणि लगेच मला विचारलं, ते हायड्रॉलिकवालं उघडायला जड नाही ना रे?