पार्श्वभूमी: निऑनमधला २१ अ‍ॅटोसेकंदांचा उशीर

१९८७ साली पॅरिसजवळ साक्ले इथे अवरक्त लेसरचा तीव्र झोत आरगॉन वायूवर सोडला, तेव्हा मूळ प्रकाशाच्या तीसहून अधिक पट वारंवारतेचा प्रकाशही बाहेर आला. यामागचं कारण उलगडायला सहा-सात वर्षं गेली. लेसर इलेक्ट्रॉनला अणूतून खेचून काढतो, दिशा पालटली की परत त्याच अणूवर आदळवतो आणि त्या टकरीत हा प्रकाश निघतो. अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग. २००१ मध्ये पॅरिसला याच प्रकाशाच्या २५० अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांची (क्षणिक झोतांची) माळ मोजली गेली, व्हिएन्नात ६५० अ‍ॅटोसेकंदांचा सुटा स्पंद. या कामाला नोबेल मिळालं २०२३ मध्ये.

खरी खडाखडी मधल्या काळातली. प्रकाश पडताक्षणी इलेक्ट्रॉन सुटतो, असं पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं जायचं. २०१० मध्ये म्युनिकजवळ गार्चिंगला निऑनवर प्रयोग झाला आणि २p या बाहेरच्या पातळीतला इलेक्ट्रॉन २s या त्याखालच्या पातळीतल्यापेक्षा २१ अ‍ॅटोसेकंद उशिरा निघतो, असं जाहीर झालं. मापात इकडेतिकडे चूक धरली होती ५ अ‍ॅटोसेकंदांची. सिद्धान्तवाल्यांचं गणित मात्र निम्म्यापर्यंतही पोचेना.

मुळात ‘उशीर’ हा शब्दच घोळाचा. इलेक्ट्रॉन आत ताटकळत बसलेला नसतो. एकाच स्टँडवरून सुटलेल्या दोन एसट्यांची फक्त पुढच्या गावातली नोंद हाती असावी आणि त्यावरून सुटायची वेळ काढावी, तसा हा उलटा हिशेब. वाटेत आयनाची, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूची, ओढ असते. शिवाय ज्या लेसरने वेळ मोजायची, तोही आपली भर घालतो.

२०१७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला स्पंदांची माळ वापरून ऊर्जा बारकाईने वेगळ्या केल्या, तेव्हा गोम सापडली. कधीकधी एक २p इलेक्ट्रॉन सुटताना दुसऱ्याला वरच्या पातळीवर ढकलतो. अशा इलेक्ट्रॉनची ऊर्जा २s वाल्याच्या जवळपास येते. स्पंद जितका छोटा तितका त्याच्या ऊर्जेचा पट्टा रुंद, म्हणून आधीच्या मापात दोघे मिसळून गेलेले असणार. ते वेगळे केल्यावर गणित जुळलं. २०१०चं मोजमाप त्यामुळे खोटं ठरत नाही, पण तो आकडा निव्वळ २s-२p मधला फरक म्हणून सांगणं घाईचं होतं, असं माझं मत.

त्याच सुमारास गार्चिंगलाच हेलियम हाताशी धरला गेला. त्यात इलेक्ट्रॉन दोनच, त्यामुळे समीकरणं संगणकावर पुरती सोडवता येतात. तिथे माप आणि गणित एका अ‍ॅटोसेकंदाच्या आत जुळलं.