पाइप गंजला की क्षार धरला? भिंत फोडण्याआधी ओळखायचा फरक

नळाची धार बारीक झाली, शॉवर नुसता ठिबकायला लागला की जुन्या घरात प्लंबर येतो, दोन नळ उघडून बघतो आणि सांगतो, "लाइन चोक झालीय, सगळी बदलावी लागंल." त्याचं म्हणणं खरंही असू शकतं. पण घरातला पाइप दोन अगदी वेगळ्या कारणांनी तुंबतो आणि त्या दोन कारणांचा खर्च वेगवेगळ्या जागी करावा लागतो. गंजानं तुंबला असेल तर बिघाड पाइपात आहे आणि तो बदलण्यावाचून इलाज नाही. क्षारानं तुंबला असेल तर बिघाड पाण्यात आहे. अशा वेळी पाण्याकडे न बघता भिंती फोडल्या, तर नवी लाइन टाकूनही गिझर आणि शॉवरचं दुखणं तसंच राहतं. मराठवाड्यात ही गल्लत जास्त होते, कारण आपल्याकडे एकाच टाकीत नगरपालिकेचं पाणीही पडतं आणि बोअरचंही.

आधी गंज. १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या घरांत बहुतेक ठिकाणी जीआयचे पाइप आहेत, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी. हा थर वर्षानुवर्षं हळूहळू झिजतो. जोडासाठी जिथे आटे पाडलेले असतात तिथला जस्ताचा थर तर कापलाच गेलेला असतो. म्हणून गंज पहिल्यांदा एल्बो, टी आणि सॉकेटच्या जोडांवर धरतो आणि भिंतीवर ओल येते तीही बहुधा अशाच जागी. पितळी कॉक थेट जीआयवर बसवलेला असेल तर त्याच्या शेजारचं लोखंड आणखी लवकर खाल्लं जातं.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पाइप आतून भरत जातो. अर्ध्या इंची मध्यम जाडीच्या जीआय पाइपाचं आतलं भोक साधारण १६ मिलिमीटर असतं. चहूबाजूंनी ३ मिलिमीटर गंज चढला की १० मिलिमीटर उरतं, म्हणजे पाणी जायची जागा ४० टक्क्यांच्याही खाली येते. हे सगळं घडत असताना पाइप बाहेरून रंगवलेला, ठणठणीत दिसतो.

आपल्या शहरांत याला आणखी एक कारण आहे. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला मांजरा धरणाचं पाणी येतं, पण ते नळाला रोज येतंच असं नाही. मधल्या दिवसांत नळजोडणीचा पाइप रिकामा, ओला आणि हवेनं भरलेला राहतो. सतत भरलेल्या पाइपात लोखंडाला प्राणवायू मोजकाच मिळतो, इथे मात्र तो दर खेपेला ताजा मिळतो. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं चक्र चाललं की गंज वेगानं धरतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा नळ किती दिवस कोरडे होते हे लातूरकरांना सांगायला नको.

क्षाराची गोष्ट निराळी आहे. आपली जमीन काळ्या कातळाची, बेसाल्टची. या खडकाच्या भेगांतून मुरून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, म्हणून ते जड. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरी रेघ धरते, हे घरातल्या बायकांना प्रयोगशाळेच्या आधी कळलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. उन्हाळ्यात टँकर मागवला तरी त्यातलं पाणीही पुष्कळदा कुठल्या तरी विहिरीचं किंवा बोअरचंच असतं.

हे क्षार थंड पाण्यात बऱ्यापैकी विरघळून राहतात. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. म्हणून क्षार पहिल्यांदा गिझरच्या टाकीत आणि कॉइलवर, मग गरम पाण्याच्या लाइनमध्ये आणि शॉवरच्या भोकांत धरतो. ओळखायची सगळ्यात सोपी खूण इथेच आहे. थंड नळ जोरात चालतो आणि त्याच बाथरूमचा गरम नळ रडतो, तर आधी क्षाराचा संशय घ्या. थंड-गरम दोन्ही धारा घरभर सारख्याच मंदावल्या असतील आणि लाइन जुन्या जीआयची असेल, तर गंजाचा. फक्त एकाच नळाचा त्रास असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा, पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

जाळीत जे सापडेल ते फेकू नका. त्यावर घरातलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. पांढरट खडे फसफसून विरघळले तर तो क्षार. तांबूस-काळे पापुद्रे तसेच राहिले तर तो गंज. लाइन रंगवलेली असेल आणि लोखंडी की प्लास्टिकची हे कळत नसेल तर चुंबक लावून बघा. प्लास्टिकच्या लाइनला गंजाचं नाव सांगून कुणी बदलायला लावत असेल तर थांबा, प्लास्टिक गंजत नाही.

तांबड्या पाण्यानं मात्र फसू नये. सकाळी पहिले एक-दोन तांबे पाणी लालसर येतं आणि मग निवळतं, तर रात्रभर साचलेलं ते पाणी तुमच्याच पाइपात गंजाला लागलेलं आहे. पाणी सुटण्याच्या दिवशी मीटरजवळच्या नळालाच लाल येत असेल तर दोष गल्लीतल्या लाइनचा. बोअरचं पाणी बादलीत घेताना नितळ असतं आणि काही तासांनी पिवळसर होतं, तर पाण्यातच लोह विरघळलेलं आहे, त्याचा तुमच्या पाइपाशी संबंध नाही. स्टीलच्या पातेल्याऐवजी पांढऱ्या प्लास्टिकच्या मगात बघा, रंग लगेच कळतो.

आता पैशाचं बोलू. गंजलेली लाइन बदलताना पाइपाचा खर्च हा एकूण बिलातला लहान भाग असतो. मोठा खर्च भिंतीत झिरी पाडणं, प्लास्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, टाइल्स, रंग आणि राडारोडा उचलून नेणं यांत जातो. जुन्या टाइलची जोडी बाजारात मिळत नाही, मग एका झिरीपायी अख्खी भिंत नवी करावी लागते. त्यामुळे दोन प्लंबरांचे भाव एकमेकांशी लावून बघताना विचारा की मजुरी पॉइंटवर आहे की फुटावर, फोडणं-बुजवणं त्यात धरलंय का, फिटिंग कोण आणणार आणि भाव जीएसटीसह आहे का. "पॉइंट"मध्ये नुसता नळाचा जोड येतो की टाकीपासूनची लाइनही, हे कागदावर लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

माझं स्पष्ट मत आहे की जुनी लाइन भिंतीतून उकरून काढू नये. ती दोन्ही टोकांना बंद करून भिंतीतच मरू द्यावी आणि नवी लाइन शक्य तिथे भिंतीवरून न्यावी. दिसायला थोडी बरी वाटणार नाही, पण फोडाफोडी वाचते आणि पुढची गळती डोळ्यांना दिसते. तुकड्या-तुकड्यानं दुरुस्तीही करू नये. जुन्या जीआयचा एक जोड पान्यानं पिळला की पुढच्या जोडाचे कुजलेले आटे सुटतात, आणि एका एल्बोसाठी सुरू झालेलं काम पूर्ण भिंतीवर जातं.

नव्या लाइनसाठी दुकानात पांढरा यूपीव्हीसी आणि मळकट पिवळसर सीपीव्हीसी असे दोन प्रकारचे प्लास्टिकचे पाइप समोर ठेवतील. यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याचा, गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं "थंड" पाणी किती तापतं हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा गच्चीवरच्या उघड्या लाइनलाही मी सीपीव्हीसीच सुचवेन, आणि ऊन लागू नये म्हणून पाइपाला बाहेरून वॉटर-बेस्ड रंग. सीपीव्हीसीतही एसडीआर (पाइपाच्या जाडीचा आकडा) ११ असेल तर तो जाड असतो आणि १३.५ असेल तर पातळ. बिलावर आकडा लिहून मागा.

क्षाराचा खर्च याच्या तुलनेत किरकोळ, पण तो फिरून फिरून येतो. शॉवर आणि जाळ्या व्हिनेगरात भिजवणं, गिझर खोलून साफ करून घेणं, कॉइल आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी वेळच्या वेळी बदलणं. गरम लाइन पुरतीच बुजली असेल तर तेवढाच तुकडा बदला. संडास साफ करायचं ॲसिड मात्र पाइपात कधीच ओतू नका. जीआय असेल तर ते जस्त आणि लोखंड दोन्ही खातं, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. सॉफ्टनर बसवता येतो, त्याला नियमित मीठ घालत राहावं लागतं. त्याहून स्वस्त तोडगा पुष्कळ घरांत जमण्यासारखा आहे: बोअरची टाकी वेगळी, तिचं पाणी संडास आणि फरशी पुसायला, आणि गिझरला फक्त नळाच्या पाण्याची टाकी.

घरात दोन्ही दुखणी असतील आणि हातात पैसे थोडे असतील, तर सुरुवात रस्त्यावरून घरात येणाऱ्या जमिनीखालच्या जोडणीपासून करा. ती गंजून छिद्रं पडली असतील आणि गटाराशेजारून जात असेल, तर पाणी बंद झाल्यावर दाब उतरतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. त्याच लाइनला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. हा तुकडा लेकराबाळांच्या पोटाशी जोडलेला आहे, शॉवरची धार नंतर बघता येईल. त्यानंतर स्वयंपाकघराची लाइन आणि शेवटी बाथरूम घ्या. दर टप्प्याला गवंड्याचा हात लागण्याआधी लाइन दाबाच्या पंपानं तपासून घ्या, रात्रभर भरलेली ठेवा, आणि भिंतीत जाणारा भाग असेल तर मोजायची टेप लावून त्याचे फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना ते लागतात.