दाविदाच्या घराण्याचा दिवा

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला येशूची वंशावळ आहे. तिथे, मत्तय 1:8 मध्ये, ‘योरामाला उज्जीया झाला’ असं आहे. प्रत्यक्षात या दोघांमध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या असे तीन राजे होऊन गेले. मत्तयाने वंशावळीचे 14-14 पिढ्यांचे तीन भाग पाडले, त्यात ही नावं गळली. ‘झाला’ म्हणजे पोटचा मुलगाच असं नसतं, नातू-पणतूही चालतो. म्हणून या यादीवरून वर्षं मोजली की हिशेब चुकतो. मात्र गाळलेल्या या जागीच दावीद राजाचा वंश एका तान्ह्या बाळावर येऊन ठेपला होता.

हा वंश टिकेल हे देवाचं मूळ वचन 2 शमुवेल 7 मध्ये आहे. नाथान संदेष्टा दाविदाला देवाचे शब्द सांगतो की तुझं घराणं कायम राहील; मुलगा चुकला तर त्याला शिक्षा होईल, पण माझी दया त्याच्यावरून हटणार नाही. शिक्षा आणि दया दोन्ही एकाच वचनात आहेत. पुढे राजांच्या इतिहासात या वचनासाठी शब्द येतो तो ‘दिवा’: दाविदासाठी यरुशलेमेत एक दिवा राहील. वंशाचा दिवा म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा दिवा चार वेळा विझता विझता राहिला, तोही एकाच घरात. यहोराम (मत्तयाचा योराम) यहूदाच्या गादीवर बसला आणि त्याने आपल्या सहा भावांना ठार केलं. मग पलिष्टी आणि अरबांनी त्याची मुलं पळवून नेली. धाकटा अहज्या तेवढा उरला. इ.स.पू. 841 च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएलची गादी बळकावणाऱ्या येहूने अहज्याला मारलं, त्याच्या 42 भाऊबंदांनाही. शेवटी अहज्याची आई अथल्या हिनेच उरलेला राजवंश कापून काढला.

अहज्याची बहीण यहोशेबा हिने त्याचा तान्हा मुलगा योवाश आणि त्याची दाई यांना बिछान्यांच्या खोलीत लपवलं. नंतर सहा वर्षं ते मूल मंदिरात वाढलं. यहोशेबेचा नवरा यहोयादा याजक होता. सातव्या वर्षी त्याने शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, वेळ साधली, कारण त्या दिवशी पहारा बदलतो. कामावर येणाऱ्यांचे तीन गट करून राजवाडा आणि वेशी धरल्या. सुटी होणाऱ्या दोन तुकड्यांना घरी जाऊ न देता मंदिरात राजाभोवती उभं केलं. त्यांच्या हातात मंदिरात ठेवलेले दाविदाचेच भाले आणि ढाली दिल्या. सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर मुकुट चढला.

देवाची विश्वसनीयता म्हणजे घरातली मुलं चांगलीच निपजतील, असा अर्थ लावणारे इथे अडखळतात. यहोयादा गेल्यावर याच योवाशाने मूर्तिपूजा धरली आणि यहोयादाच्या मुलाला, जखऱ्याला, मंदिराच्या अंगणात दगडमार करवला. पुढेही देवभीरू हिज्कीया राजाच्या पोटी मूर्तिपूजक मनश्शे आला. वचन टिकलं ते राजांच्या गुणांवर नव्हे, देणाऱ्याच्या शब्दावर.

याच वंशातला यहूदाचा राजा यखन्या याच्या वेळी तर वंशच संपल्यासारखा होता. यिर्मया 22 मध्ये देव म्हणतो, हा माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी काढून टाकला असता. इ.स.पू. 597 मध्ये, अवघ्या तीन महिन्यांच्या राज्यानंतर, 18 वर्षांचा यखन्या कैदी म्हणून बाबेलला (बॅबिलॉनला) गेला. बाबेलच्या उत्खननात शिध्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत ‘यहूदाचा राजा’ म्हणून त्याचं नाव आहे. एका पाटीवर त्याला 10 सिला तेल आणि त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला. एक सिला म्हणजे लिटरच्या आसपास. कैदेतल्या त्या तेलाच्या नोंदीत वंश जिवंत दिसतो.

त्याच्याच वंशातला जरुब्बाबेल परत येऊन यहूदाचा सुभेदार झाला. इ.स.पू. 520 मध्ये हाग्गय संदेष्ट्याने त्याला देवाचा निरोप दिला: मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन.